अज्जांची सतार आणि मिरजेची वाट

बेळगावहून मिरजेला जायचे तर रेल्वेसारखे सोयीचे वाहन नाही. सकाळची गाडी धरली की सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग अशी स्टेशने मागे पडत जातात. कुडची सोडल्यावर कृष्णेचा पूल लागतो आणि पुढे उगार, शेडबाळच्या उसातून गाडी मिरजेत शिरते. ज्यांना गाण्याचा नाद आहे त्यांच्यासाठी ही वाट एरवीपेक्षा थोडी निराळी आहे. सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव. ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी इथे जन्मले. वाट संपते त्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उलट्या दिशेने निघाले तर धारवाड, हुबळी आणि पुढे सवाई गंधर्वांचे कुंदगोळ. आपल्या भागातल्या संगीताचा निम्मा इतिहास या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना वसलेला आहे म्हटले तर फार चुकणार नाही.

मिरज जंक्शनचीही एक गंमत जुन्या प्रवाशांना आठवत असेल. एके काळी इथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुण्याकडून येणारा, हुबळीकडून येणारा आणि पंढरपूरकडून येणारा असे तिघेही इथे उतरत, सामान उचलत आणि गाडी बदलत. गाणेबजावणेही मिरजेत असेच तिन्ही दिशांनी येऊन भेटले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे या गाडीने मिरजेला निघालो तेव्हा आमच्याबरोबर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक सतार होती. ती माझ्या सासऱ्यांची. ते धारवाडला शाळेत शिक्षक होते. आमच्या घरात सौ. कन्नड, मी मराठी आणि मुले दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणारी, तेव्हा मुलांसाठी ते 'अज्जा' आणि माझ्या आईवडिलांची जोडी 'आजी-आजोबा', अशी वाटणी आपोआप झाली आहे. अज्जांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांची सतार माळ्यावर होती. भोपळ्याला तडा गेलेला, तारा गंजून तुटलेल्या, पडद्यांचे दोरे कुजून पडदे पिशवीत जमा झालेले. थोरली मुलगी नववीत आहे आणि चार वर्षांपासून बेळगावात सतार शिकते, तीही मास्तरांनी वापरायला दिलेल्या सतारीवर. "घरात वाद्य असताना पोर दुसऱ्याच्या सतारीवर का वाजवते?" असा प्रश्न धारवाडच्या अज्जींनी केला आणि मिरजेचा बेत ठरला.

पण तेवढेच कारण नव्हते. मुलगी त्या सुमारास सतार सोडायच्या विचारात होती. वाजवायचा कंटाळा तिला नव्हता. कंटाळा होता तो शास्त्राचा. आमचे मास्तर शिकवणीचा प्रत्येक तिसरा तास वाद्य बाजूला ठेवून घेतात. त्या तासाला वही, फूटपट्टी आणि पेन्सिल आणायची. थाट, श्रुती, ग्रंथकार, घराणी, कालखंड. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना लेखी पेपर असतो हे खरे; पण मास्तर पेपरापुरते शिकवत नाहीत. "पुढच्या वर्षी दहावी. वाजवायला वेळ मिळेना आणि हा आणखी एक इतिहासाचा विषय कशाला?" असे नातेवाइकांनी म्हणून झाले होते. मी स्वतः महाविद्यालयात इतिहास शिकवतो, त्यामुळे या वाक्यातला 'आणखी एक इतिहास' मला थोडा लागला. पण मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून मीही गप्पच होतो.

शास्त्राच्या तासाला मी मागे सतरंजीवर बसून असतो. त्यातले जे मला समजले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण पुढचा प्रसंग त्याशिवाय कळायचा नाही.

मास्तरांनी पहिला धडा तारेच्या लांबीचा दिला. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीत पारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेवर स्वरांच्या जागा मोजून दाखवल्या आहेत. पुढच्या अभ्यासकांनी सोयीसाठी ही तार ३६ इंच धरली. मोकळी तार म्हणजे षड्ज. बरोबर अर्ध्यावर, म्हणजे १८ इंचांवर तार षड्ज. मोकळी तार आणि तार षड्ज यांच्या मधोमध, २७ इंचांवर मध्यम. तारेचे तीन भाग करून दोन भाग ठेवले की २४ इंचांवर पंचम. त्रैराशिक येणाऱ्या कुठल्याही मुलाला हे पटते.

मुलीने घरी टेप लावून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेली. "मास्तर, पुस्तकात २४ वर पंचम आहे. माझ्या सतारीवर तिथे षड्जाचा पडदा आहे." मास्तर खूश झाले. सतारीची बाजाची तार षड्जात नव्हे, मंद्र मध्यमात लावतात. मोकळी तार मध्यम बोलते. सा पासून प जितका दूर, तितकाच म पासून वरचा सा दूर. म्हणून पंचमाची जागा इथे षड्जाला मिळते. "नाव बदलले, माप तेच राहिले," असे त्यांनी वहीत लिहायला लावले. मास्तर मूळचे विजापूरकडचे. घरात कन्नड, शिकवणीत मराठी आणि विद्यार्थी चुकला की कन्नड. मुलगी घाईने वाजवू लागली की ते "सावकाश बारिसव्वा" म्हणतात. यातले 'सावकाश' कुणाचे आणि 'बारिसव्वा' कुणाचे हे आपल्याकडे कुणी विचारत नाही.

दुसरा धडा अवघड होता. अहोबलांनी शुद्ध गंधार मेरू आणि पंचम यांच्या मधोमध सांगितला आहे, म्हणजे ३० इंचांवर. ३६ भागिले ३० करून पाहा. ती जागा आजच्या कोमल गंधाराची येते. म्हणजे तीनचारशे वर्षांपूर्वीचे 'शुद्ध' सप्तक आजच्या काफीसारखे होते. आज आपण बिलावलला शुद्ध म्हणतो. स्वर जागेवरच आहेत. 'शुद्ध' हा शब्द मात्र सरकला.

याच गोष्टीचा दुसरा अनुभव मुलीला तिच्या मैत्रिणीच्या घरी आला. ही मैत्रीण म्हैसूरकडची, कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिन शिकते. व्हायोलिन हे विलायती वाद्य. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतात रुजवले असे मानतात, आणि आता तिकडची मैफल त्याशिवाय होत नाही. दोघी एकत्र वाजवायला बसल्या आणि भांडून उठल्या. मैत्रीण म्हणे शुद्ध रिषभ वाजव. आमची वाजवी तो तिला चुकीचा वाटे. कर्नाटक पद्धतीत ज्याला शुद्ध रिषभ म्हणतात तो आपला कोमल रिषभ. आपला शुद्ध रिषभ तिकडे चतुःश्रुती रिषभ होतो. 'श्रुती' शब्दाचेही तेच. मैत्रिणीच्या घरी श्रुती म्हणजे पाठीमागे चालणारा आधारस्वर, म्हणून श्रुतिपेटी. आमच्या वहीत श्रुती म्हणजे सप्तकाच्या बावीस बारीक भागांपैकी एक. रागांच्या नावांत तर आणखी घोटाळा. तिचा मायामाळवगौळ तो आमचा भैरव, तिचा शंकराभरण तो आमचा बिलावल, इथवर ठीक. पण तिची तोडी म्हणजे आमची भैरवी, आणि आमची तोडी तिच्याकडे शुभपंतुवराळी. मराठी-कन्नड घरांत राहणाऱ्यांना हे नवीन नाही. एकच शब्द दोन्ही घरांत असतो आणि अर्थ वेगळा निघतो. भांडण मिटवायचे तर दोन्हीकडचे कोश हवेत. मास्तरांनी दोघींना एकत्र बसवून दोन रकान्यांचा तक्ता करून घेतला. तो आजही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

इतिहासाच्या तासांत मी जरा सावरून बसत असे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. त्या कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याची नोंद आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. हे गृहस्थ राजाच्या हिशेबखात्याचे प्रमुख होते. त्या ग्रंथावर गाजलेली टीका लिहिली ती कल्लिनाथाने, पंधराव्या शतकात, विजयनगरच्या राज्यात. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः पदे रचणारा, 'किताब-ए-नौरस' त्याचा. त्याच्या लाडक्या तंबोऱ्याला त्याने मोतीखाँ असे नाव दिले होते. इतिहासाच्या पुस्तकात ही चार राज्ये चार वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. गाण्याच्या वहीत ती एकाच पानावर आली.

असे सगळे असूनही मुलीचा प्रश्न उरलाच होता. "बाबा, हे सगळे छान आहे. पण याने माझा हात सुधारणार आहे का?" मास्तरांना विचारले तर ते म्हणाले, "मिरजेला जाऊन या." ते स्वतः वयामुळे आले नाहीत. कारागिरांना देण्यासाठी एक चिठ्ठी मात्र दिली.

मिरजेत सतारमेकर गल्ली कुठे हे कुणालाही विचारावे. गल्लीच्या तोंडाशीच वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी दिसतात. हे खायचे भोपळे नव्हेत. पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी ते मुद्दाम वाद्यांसाठी लावतात. या गल्लीचा इतिहास तिथले लोक सरळ सांगतात. हे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला आणि शस्त्रांचे काम आटत गेले. मिरजेत पटवर्धन संस्थानिकांकडे गवई-वादकांचा राबता होता. बाहेरगावाहून आलेले वाद्य मोडले तर दुरुस्त कोण करणार? फरीदसाहेब शिकलगार यांनी ते काम अंगावर घेतले आणि १८५० च्या सुमारास मिरजेत सतारी-तंबोरे घडू लागले. तलवारीचा हात लाकडावर चालू लागला. पुढे शिकलगार हे आडनाव जाऊन काहींना सतारमेकर हेच नाव चिकटले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आम्ही ज्या कारखान्यात गेलो तो म्हणजे एक लांबट खोली. एका कोपऱ्यात भोपळे पाण्यात भिजत घातलेले, दुसरीकडे तुणीच्या लाकडाच्या दांड्या. एक म्हातारे कारागीर घोडीवर कानस फिरवत बसलेले. घोडी म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात ती. तिचा माथा सपाट दिसतो पण त्याला अगदी बारीक उतार असतो. त्या उताराला तार निसटती टेकते म्हणून सतारीचा तो गुंजणारा आवाज निघतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. पूर्वी घोडी सांबरशिंगाची करत. वन्यजीव कायदा आल्यावर ते बंद झाले, आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम साहित्य वापरतात. उतार मोजायला हत्यार नाही. कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची. मास्तरांच्या चिठ्ठीत याबद्दलच लिहिले होते: जवारी फार खुली नको, गोल ठेवावी. म्हाताऱ्यांनी चिठ्ठी वाचून मान डोलावली.

मग त्यांनी अज्जांच्या सतारीवरचे लुगडे सोडले. भोपळा वाजवून पाहिला, तड्यात नख घालून पाहिले. "भोपळा जाणार नाही. आतून पट्टी देऊन सरसाने धरता येईल," असे त्यांनी सांगितले. नवा भोपळाही घालता येईल, पण मग आवाज नवा होईल. दांडी सरळ आहे, खुंट्या दोन बदलाव्या लागतील. पडदे नव्याने बांधायचे. शेवटी सगळी दांडी घासून लाखेचे पॉलिश करायचे म्हणजे सतार नव्यासारखी दिसेल. किती दिवस लागतील, किती खर्च येईल हेही सांगितले. सौ.ने 'नव्यासारखी' या शब्दाला लगेच होकार दिला. वडिलांची वस्तू चकचकीत होऊन आईपुढे जावी, हे कुठल्याही लेकीला वाटणारच.

मुलगी तेवढ्यात दांडीवर वाकून काही पाहत होती. तिने विचारले, "हे ओरखडे कसले?"

दांडीच्या कडेला, जिथे जिथे पडद्याचा दोरा बांधलेला असतो, तिथे पॉलिश दबून फिक्या रेघा उमटल्या होत्या. "पडद्यांच्या जागा बेटा. इतकी वर्षे दोरा आवळलेला होता, खूण राहणारच." म्हातारे सहज बोलले. पण मुलगी हटली नाही. "मग इथे तीन का?"

खरेच, एका ठिकाणी एकाऐवजी तीन रेघा होत्या.

तिने कारागिरांकडून टेप मागून घेतला. घोडीची जुनी जागा तबलीवर दिसत होतीच. तिथून मेरूपर्यंत माप भरले ३६ ला जेमतेम एक सूत कमी. म्हणजे वहीतलीच तार. वाद्याला तार नव्हती, पडदे नव्हते, आवाज काढायची कुठलीच सोय नव्हती. पण २४ इंचांवर ठळक रेघ होती, तो षड्ज. षड्जाचे नऊपैकी आठ भाग घेतले की शुद्ध रिषभ, म्हणजे २१ इंच आणि वर थोडे. तिथे पहिली रेघ होती. षड्जाचे सोळापैकी पंधरा भाग घेतले तर साडेबावीस, तो कोमल रिषभ. तिथे दुसरी रेघ. तिसरी त्याच्याही वर, खुंट्यांच्या बाजूला साधारण दोन सुतांवर. तशीच धैवताजवळ, १५ इंचांवर, एक जादा रेघ.

सतारीला हार्मोनियमसारखे बाराही स्वर पक्के बसवलेले नसतात. मधल्या सप्तकात कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांना सहसा स्वतंत्र पडदा नसतो. ज्या रागात ते लागतात तो वाजवण्यापूर्वी शुद्ध स्वराचा पडदा सरकवून घ्यावा लागतो. पडदा जिथे जास्त काळ राहतो तिथे खूण जास्त खोल पडते. आणि अज्जांच्या सतारीवर सगळ्यात खोल खूण होती ती तिसरी, सर्वांत उतरलेल्या रिषभाची.

मुलगी म्हणाली, "अज्जा भैरव वाजवत असतील. पण मग दोन कोमल रे कशाला?" म्हाताऱ्या कारागिरांनी हातातली कानस खाली ठेवली. त्यांनी स्वतः अंगठ्याने ती रेघ चाचपली आणि म्हणाले, "ही तोडीची असेल. तोडीचा रिषभ भैरवापेक्षा उतरता घेतात. पूर्वीची माणसे यासाठी पडदा हलवायची."

मग पॉलिशचा प्रश्न आला. दांडी घासली की रेघा जाणार. सौ. काही क्षण बोलली नाही. ती वडिलांच्या सतारीचा आवाज ऐकतच वाढलेली. पण ते काय वाजवत, हे तिने कधी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. शेवटी तिनेच सांगितले, "पॉलिश नको. भोपळाही तोच ठेवा." म्हाताऱ्यांनी दांडीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि रेघांच्या जागा आपल्या वहीत उतरवून घेतल्या.

दुपार मोकळी होती. आम्ही ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे. पण मिरजेत राहिले आणि इथलेच झाले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना एका लहान स्टेशनावर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत आणून या दर्ग्याच्या आवारात दफन केले. दर वर्षी उरुसात इथे संगीत सभा होते आणि मोठमोठे गवई येऊन हजेरी लावून जातात. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे; त्यांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. घरची भाषा कन्नड, रियाज हिंदुस्थानी आणि लोकप्रियता मराठी मुलखात, अशी ही परंपरा आपल्या ओळखीची आहे.

दर्ग्याच्या पायरीवर बसून मी मुलीला खाँसाहेबांची एक वेगळी गोष्ट सांगितली. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त अधिकारी होते, 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. त्यांना बावीस श्रुती मोजून काढण्याचा ध्यास होता. १९१० मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना सामील झाले. या दोघांनी गळ्यातल्या श्रुती तपासायच्या तर गळा कुणाचा घेतला? अब्दुल करीम खाँसाहेबांचा. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे त्यांची श्रुतींची पेटी मांडली गेली आणि त्यावर कडाक्याचा वाद झाला. परिषदेचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे या मोजमापाच्या बाजूचे नव्हते. त्यांचे म्हणणे, गायक-वादक प्रत्यक्षात राग कसा मांडतात ते आधी टिपा. त्यांनी बारा स्वर आणि दहा थाट यांवर आपली पद्धत उभी केली, गावोगाव फिरून चिजा लिहून घेतल्या आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली. भातखंडे वकील होते आणि तरुणपणी स्वतः सतार शिकले होते.

"मग बरोबर कोण?" मुलीने विचारले.

मी इतिहासाचा माणूस. मला निकाल द्यायची सवय नाही. पण सकाळी ज्या तीन रेघा पाहिल्या त्यांत दोघांचेही काम पडले होते. रेघेचे नाव काढले ते देवलांच्या वाटेने, मापाने. आणि दोन सुतांचा तो फरक तोडीचा आहे हे सांगितले ते कारागिरांनी, भातखंड्यांच्या वाटेने, वाजवणाऱ्यांचा रिवाज माहीत होता म्हणून. तिला मी एवढेच सांगितले. तिने ते वहीत लिहिले नाही, पण परतीच्या गाडीत घटप्रभा येईपर्यंत ती कागदावर अपूर्णांक मांडत होती.

महिन्याभराने सतार तयार होऊन आली. मास्तरांनी ती मांडीवर घेतली, सुरात लावली आणि रिषभाचा पडदा तिसऱ्या रेघेवर बसवला. तोडी हा मुलीच्या इयत्तेचा राग नव्हे, तो पुढे येतो. मास्तरांनी तिला फक्त सावकाश आलापाचे चार-सहा टप्पे आणि एक लहानशी गत बसवून दिली. आणखी एक काम सांगितले: भैरवही तयार ठेव. आपण रेघेवरून अंदाज केला आहे, खरे काय ते ऐकलेल्या माणसालाच माहीत.

युगादीच्या आधीच्या रविवारी आम्ही धारवाडला गेलो. अज्जी आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू अजून चांगले येते. मुलीने आधी भैरव वाजवला. अज्जी कौतुकाने ऐकत राहिल्या, "छलो अद" म्हणाल्या. मग पडदे सरकवून तिने तोडी सुरू केली. रिषभावर येऊन ती थांबली, पुन्हा षड्जावर गेली. अज्जींनी हातातले निवडायचे ताट खाली ठेवले.

"हेच," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "शाळेत जायच्या आधी, मुले उठायच्या आत, हेच वाजवायचे. अगदी हळू. मी चहा ठेवायची तेव्हा." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "याला नाव आहे का?"

मुलीने सांगितले, तोडी. लगेच पुढे असेही सांगितले की कर्नाटक पद्धतीत तोडी म्हणतात ती वेगळी. याला तिकडे शुभपंतुवराळी म्हणतात, म्हणून कुणी विचारले तर 'हिंदुस्थानी तोडी' असे सांगायचे. अज्जींनी दोन्ही नावे एकदा म्हणून पाहिली आणि नातीला पुन्हा वाजवायला सांगितले.

सतार सोडायचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. दहावीच्या वर्षी आठवड्यातून एकच तास जायचे ठरले आहे. तो एक तास वाद्याचा की शास्त्राचा, असे मास्तरांनी विचारले तेव्हा मुलीने अर्धा-अर्धा करून मागितला. मास्तर म्हणाले, पाहू.